सबस्टेशनपाशी सोलर लावून शेवटच्या डीपीचं (शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरचं) व्होल्टेज वाढणार का?

टोकाचा_डीपी: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला दुसरा टप्पा, दिवसा वीज मिळते हे चांगलंच. पण प्लांट बहुतेक ३३/११ केव्ही सबस्टेशनजवळ असतात आणि तिथेच जोडतात, म्हणजे वीज सोलरची असली तरी शेतापर्यंत येणार त्याच जुन्या लांबलचक ११ केव्ही लाइनवरून आणि त्याच एलटीच्या (डीपीपासून मोटरपर्यंतच्या कमी दाबाच्या) तारांतून, मग लॉस, म्हणजे तारांत वाया जाणारी वीज, तेवढाच आणि टोकाला व्होल्टेज ३००च. म्हणून आधी प्रत्येक मोटरला कपॅसिटर लावा. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरंच कामाला येणारा वाटा) ०.७५ चा ०.९५ झाला की करंट २१ टक्के कमी होतो, लॉस करंटच्या वर्गाप्रमाणे बदलतो म्हणून तो ३८ टक्के उतरतो. इतक्या स्वस्तात दुसरं काय होतं सांगा.

रात्रीचं_पाणी: अजिबात पटलं नाही. रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी द्यावं लागतं, ते सोलरने थांबतंय. आणि कपॅसिटरचं म्हणाल तर मोटर रिवाइंडिंगला गेली की डबा काढून ठेवतात, परत कोण लावतो? शिवाय ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट असले की कपॅसिटर जेमतेम निम्मं काम करतो, गरज जास्त तिथेच तो कमी पडतो.

टोकाचा_डीपी: निम्मं तर निम्मं, सगळ्यांनी लावले की व्होल्टेजच वर येतं ना. स्टार्टर आणि मोटरच्या मधे जोडा, मोटरबरोबर चालू मोटरबरोबर बंद.

लोडफ्लो: आधी हे का ते, हा वादच चुकीचा आहे, जागा आणि साइज दोन्हीची एकत्र ठरवायला हवी. अभ्यासात वापरतात त्या ३३ बसच्या (जोडबिंदूंच्या) नेटवर्कचा मूळ लॉस साधारण २०३ किलोवॉट. १४, २४, ३० या बसवर योग्य साइजचे तीन जनरेटर टाकले की ७३ च्या आसपास येतो, आणि तेच रिअॅक्टिव्ह (कपॅसिटर देतो ती, मोटरच्या चुंबकासाठी लागणारी वीज) पण द्यायला लागले की १२ च्या आसपास! यातली एकही जागा सबस्टेशनला चिकटून नाही.

रात्रीचं_पाणी: त्या नेटवर्कचा लोड कागदावर ठरलेला असतो हो. आमच्याकडे पाऊस पडला की सगळ्या मोटरी बंद, अशा दुपारी टोकाला १ मेगावॉट चालू असेल तर वीज उलटी सबस्टेशनकडे जाणार आणि व्होल्टेज चढणार. टोकाची लाइन ट्रिप पण जास्त होते, लाइन गेली की प्लांटचा इन्व्हर्टर (सोलरची वीज एसी करून लाइनला देणारा) बंद, प्लांटवाला तिथे पैसा का घालेल?

लोडफ्लो: मग टोकाला छोटे छोटे प्लांट टाका, आणि व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टरने रिअॅक्टिव्ह ओढायचं, उतरलं की द्यायचं, तो हे करू शकतो.

टोकाचा_डीपी: करू शकतो, पण प्लांटवाल्याला पैसे युनिटचे मिळतात, तो फुकट कशाला करेल? टेंडरमध्येच शेवटच्या डीपीच्या व्होल्टेजची अट टाका, मग माझा सोलरला काहीच विरोध नाही. ती येईपर्यंत कपॅसिटर आधी, यावर मी ठाम आहे.