आईचा सीटी: रिपोर्टात यूआयपी, डॉक्टर म्हणतात एचपी. मदत हवी आहे

रानवारा: आईचा एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी) झाला, रिपोर्टात 'प्रोबेबल यूआयपी' (म्हणजे फुप्फुसात व्रण पडण्याचा एक नमुना, बहुधा तोच) आलंय आणि आमचे छातीचे डॉक्टर फिल्म बघून म्हणाले एचपी (श्वासातून जाणाऱ्या कशाचीतरी अ‍ॅलर्जी होऊन फुप्फुसाला सूज) पण असू शकतं. मग नक्की काय? दोन्हीची औषधं वेगळी म्हणे. फिल्मवर काय बघून ठरवतात? बुधवारी परत जायचंय, काय विचारू तेच सुचत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

साळुंकी७: वय? सांधेदुखी? घराजवळ कबुतरं, कूलर? त्यांनीही एचपी होतं. काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

एक्सरेवाला: रोज छातीचे सीटी वाचतो म्हणून सांगतो. यूआयपी तळाशी आणि कडेला, प्लुराला (फुप्फुसावरच्या पातळ आवरणाला) लागून असतं. कडेला छोट्या छोट्या पोकळ्यांचे थर दिसले की ते हनीकोंबिंग. ते नसेल पण श्वासनळ्या ओढल्या जाऊन रुंद, वेड्यावाकड्या झाल्या असतील तर प्रोबेबल. एचपीत मध्येमध्ये काळसर तुकडे दिसतात, तिथे हवा अडकलेली असते आणि ते श्वास सोडून काढलेल्या स्कॅनवर जास्त ठळक होतं. तो काढला का?

मोगरा: माझ्या सासऱ्यांना अनुलोम विलोमने खूप फरक पडला, रिपोर्टच्या मागे लागू नका.

साळुंकी७: मोगराताई, प्राणायामाने बरं वाटेल पण फायब्रोसिसचे (फुप्फुस घट्ट होण्याचे) व्रण जात नाहीत, उगाच आशा लावू नका.

मोगरा: मी औषध बंद करा म्हटलेलं नाही.

दादरकर: कबुतरांना दाणे घालणाऱ्यांना आधी दंड करा! कबुतरखान्यावरून एवढं रामायण झालं तरी लोक सुधरत नाहीत.

भाऊ_सातारा: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायचा तर दहा लिटरचा घ्या, पाचचा पुढे कमी पडतो.

रानवारा: भाऊ, ऑक्सिजन लागत नाहीये हो. वय ६१, सिगारेट कधीच नाही, सांधे ठीक. बेडरूमच्या एसीवर कबुतरं बरीच वर्षं आहेत, आईच ती जागा साफ करते. श्वास सोडून स्कॅनचं रिपोर्टात काही नाही.

एक्सरेवाला: मग एचपीची शंका रास्त आहे. २०१७ मध्ये आलेल्या भारतातल्या आयएलडी (फुप्फुसात सूज, व्रण आणणाऱ्या आजारांचा गट) रजिस्ट्रीत जवळपास निम्मे पेशंट एचपीचेच होते. नुसता कागद नको, सीडी न्या, आणि श्वास सोडून परत काही कट (स्कॅनची चित्रं) घ्यायचे का ते विचारा. घाईने स्टेरॉइड नको, आयपीएफमध्ये (कारण न सापडणारा फायब्रोसिस, त्यात यूआयपी दिसतं) प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन) ही औषधं एकत्र दिल्यावर मृत्यू वाढले होते, २०१२ चा पँथर ट्रायल. एचपीत मात्र स्टेरॉइड देतात. म्हणूनच हा फरक महत्त्वाचा. कबुतरांची जागा आजपासून आईला साफ करू देऊ नका.

रानवारा: सीडी आहे. जाळी कुठली लावू, नायलॉनची चालेल?

दादरकर: नायलॉनचीच. आधी विष्ठा ओली करून मास्क लावून काढा, सुकी झाडू नका.