मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा: मास्कची गाळणी सुधारली, कडेचं काय?

फटफजिती (धागाकर्ता)

मास्कमध्ये 'नवं' म्हणून जे काही येतं, त्यातला निम्म्याहून अधिक खटाटोप चुकीच्या जागी चाललाय असं माझं मत आहे. गाळणीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. अडलंय ते चेहऱ्यापाशी.

हिशेब मांडतो. एन९५ म्हणजे निसटण्यात सगळ्यात तरबेज असलेले, साधारण ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा किमान ९५ टक्के अडवणारी गाळणी. म्हणजे शंभरातले ५ आत. आता नाकाच्या बाजूने, गालावरून १० टक्के हवा न गाळताच येतेय असं धरा. उरलेल्या ९० मधले ५ टक्के म्हणजे ४.५, अधिक ते १०. एकूण १४.५. याच मास्कला ९९.९७ टक्क्यांची, हेपाच्या (हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतल्या अतिबारीक गाळणीच्या) तोडीची गाळणी लावा. एकूण १०.०३. एवढी भारी गाळणी लावून कमाई साडेचारची. उलट गाळणी तीच ठेवून गळती १० वरून २ वर आणली तर एकूण येतं ६.९. बोळा मोरीला घालायचा की आधी दरवाजा लावायचा, ते यावरून ठरवा.

वर आणखी एक गंमत. गाळणी दाट केली की श्वास ओढायला जोर लागतो, आणि हवा आळशी असते, सोपी वाट दिसली की तिथूनच शिरते. म्हणजे कडा नीट बसत नसेल तर दाट गाळणी गळती वाढवतेच.

तरी नव्या रचना कसल्या येतात? २०२१ मध्ये रेझर या गेमिंगचं सामान करणाऱ्या कंपनीने झेफायर नावाचा पंखे आणि रंगीत दिवे असलेला मास्क आणला. एन९५ च्या दर्जाचा म्हणून जाहिरात केली, पण तशी मान्यता घेतलेली नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांची भरपाई आणि दंड मिळून ११ लाख डॉलरहून अधिक भरायला लावले. डायसनचा झोन हा तर हेडफोनला जोडलेला पट्टा, तोंडाला टेकतच नाही. नाकापेक्षा मोती जड.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तर आधी ऐकायला आवडेल.

झडपवाला

असहमत, आणि चांगलाच.

मी धातू घासायच्या कामावर आहे, वर्षं मोजायची सोडून दिली. तुमच्या हिशेबात एक आकडा राहिला: मास्क गळ्यात लटकत असतो तेव्हाची गळती, १०० टक्के. पाळीच्या तिसऱ्या तासाला घाम, चौथ्या तासाला गालाला वळ, पाचव्या तासाला बोलताना कोणीतरी तो खाली ओढतोच. कागदावर ६.९ वाला मास्क आठ तासांतला एक तास खाली असला, तर दिवसाची सरासरी किती होते ते काढा. मीच काढतो: सातांचे ४८.३ अधिक १००, भागिले आठ. साडेअठरा. तुमच्या त्या गळक्या १४.५ वाल्यापेक्षा वाईट, तो जर दिवसभर तोंडावर राहिला तर.

म्हणून पंख्याची टिंगल करू नका. कमरेला पंखा आणि बॅटरी, नळीतून गाळलेली हवा डोक्यावरच्या टोपात, हे खेळणं नाही. सैल टोपालाही मिनिटाला किमान १७० लिटर हवा द्यावी लागते. आत दाब राहतो, त्यामुळे फटीतून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या कोष्टकात अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कचा संरक्षणाचा गुणक १० (म्हणजे बाहेरच्या धुळीचा फार तर दहावा हिस्सा आत), मग तो कागदी एन९५ असो की रबरी. सैल टोपाच्या पंखेवाल्याचा २५. म्हणजे ज्याची कडा चेहऱ्याला घट्ट बसतच नाही तो अडीच पट सरस! तुमची अख्खी 'कड' तिथेच निकालात निघाली.

आणि दाढीचं काय करणार? कडेखाली केस आले की रबरी असो की कागदी, बसत नाही. टोपाला दाढी चालते.

फटफजिती

झडपवाले, गळ्यात लटकणारा मास्क मी धरला नव्हता, हे मान्य. तो मुद्दा घेतला.

पण पंखेवाला टोप आणि झेफायर एकाच पंक्तीला बसवू नका. टोप प्रमाणित आहे, त्याची हवा मोजलेली आहे. माझी तक्रार पंख्यावर नाही, न मोजता लावलेल्या पंख्यावर आहे. श्वास सरासरीने येत नाही, हिसक्याने येतो. घट्ट बसणाऱ्या पंखेवाल्यालाही मिनिटाला ११५ लिटर लागतात. तोंडावरच्या दोन चिमुकल्या पंख्यांनी तेवढं केलं तर बॅटरी किती टिकेल?

दाढीसाठी एक बिनपंख्याची युक्तीही आहे. शीख डॉक्टरांनी वापरलेली: व्यायामाची रुंद रबरी पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायची, दाढी तिच्याखाली सपाट, मास्क पट्टीवर. फिट टेस्टमध्ये (मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का याच्या चाचणीत) ती उत्तीर्ण झाल्याचं प्रसिद्ध झालंय. याला म्हणतात रचना.

मंद पंखा

तुम्ही दोघं नाकाच्या टोकावर भांडताय. खोली कोणी साफ करायची?

मास्कमधून हवा एकदाच जाते, तिथे ९५ की ९९ याला अर्थ आहे. खोलीतलं यंत्र तीच हवा पुन्हा पुन्हा ओढतं, म्हणून तिथे टक्केवारी एकटी काही सांगत नाही. टक्केवारी गुणिले हवेचा प्रवाह, हा खरा आकडा. तासाला २०० घनमीटर ओढणारं हेपा यंत्र तासाला जेमतेम २०० घनमीटर स्वच्छ हवा देतं. ८० टक्केच अडवणारी गाळणी, पण प्रवाह ३००, तर २४०. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत म्हणजे ३६ घनमीटरात पहिलं यंत्र तासाला साडेपाच वेळा हवा बदलल्यासारखं काम करतं, दुसरं साडेसहा वेळा. २०२३ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्यसंस्थेने तासाला किमान ५ हे उद्दिष्ट ठेवलं, दोन्ही त्यात बसतात.

याचं जिवंत उदाहरण म्हणजे २०२० ची कॉर्सी-रोझेन्थाल पेटी. साधा चौकोनी पंखा, चार-पाच मर्व्ह १३ गाळण्या (मर्व्ह ही हवेच्या गाळण्यांची प्रतवारी), पुठ्ठा, चिकटपट्टी. मर्व्ह १३ सगळ्यात बारीक गटातले, म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनचे कण निम्मेच अडवायला बांधील आहे. तरी पेटी चालते, कारण गाळणीचं क्षेत्रफळ मोठं, हवा संथ आणि प्रवाह भरपूर. पंख्याच्या तोंडावर गोल भोक पाडलेला पुठ्ठा लावला की कोपऱ्यांतून उलटी शिरणारी हवा थांबते आणि प्रवाह वाढतो. यात पेटंटची कसली शोभा नाही, म्हणून 'नवं' म्हणून कोणी मोजत नाही.

खोलीच्या यंत्राचा खरा शत्रू आवाज आहे. लोक यंत्र विकत घेतात आणि पहिल्या नंबरावर ठेवतात, कारण तिसऱ्यावर बोलणं ऐकू येत नाही. डब्यावरचा आकडा मात्र तिसऱ्या नंबरावरचा. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून एका जोरकस पंख्याऐवजी संगणकातले पाच-सहा मंद पंखे लावणारी मंडळी बरोबर वाटेवर आहेत. (माझ्या नावाचं कोडं सुटलं असेल.)

शंकासुर

हवेत आयन (विद्युतभारित कण) सोडणारी यंत्रं कोणी वापरली आहेत का? गाळणीच नको, आवाज नाही, धूळ आपोआप खाली बसते म्हणे.

मंद पंखा

खाली बसते म्हणजे तुमच्या उशीवर बसते. वर काही यंत्रं ओझोन सोडतात, जो फुप्फुसाला स्वतःच त्रास देतो. कॅलिफोर्नियात त्यावर ०.०५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) मर्यादा आहे ती उगाच नाही. सोडा तो नाद.

झडपवाला

मंद पंख्याला एक प्रश्न. माझं घासायचं चाक नाकापासून हातभर अंतरावर आहे. कोपऱ्यातली तुमची पेटी ती धूळ ओढेपर्यंत मी ती ओढलेली असते. तासाला साडेसहा म्हणजे एका वेळेला नऊ मिनिटं! चाकाशेजारीच तोंड असलेली शोषनळी हवी, आणि तरीही मास्क हवाच.

मंद पंखा

हातभरावर उगम असेल तर तुमचं बरोबर. माझं म्हणणं वर्ग, प्रतीक्षागृह, कचेरी यांच्यापुरतं धरा. तिथे तीस जणांना नीट मास्क बांधायला शिकवण्यापेक्षा एक पेटी सोपी.

चष्म्यावर धुकं

मी प्रयोगशाळेत आहे, फिट टेस्ट घेते. त्यामुळे मत धागाकर्त्याच्या बाजूचं, पण कारण वेगळं.

डोक्यावर पिशवीसारखा टोप घालून आत सॅकरीनचा फवारा मारतात. मान वळवा, वाकून बघा, मोठ्याने वाचा. गोड लागलं की मास्क नापास. वर्षानुवर्षं पाहतेय, नापास होणाऱ्यांत लहान चणीच्या बायका जास्त. दोष त्यांच्या चेहऱ्यांचा नाही. मास्क कोणत्या चेहऱ्यांवर बेतावेत याचं जुनं अमेरिकी कोष्टक १९६७-६८ मधल्या हवाई दलाच्या मोजमापांवरून बांधलेलं होतं. २००३ मध्ये नायॉश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने मास्क वापरणाऱ्या ३,९९७ जणांचे चेहरे नव्याने मोजले, तेव्हा जुनं कोष्टक आताच्या कामगारांना पुरेसं लागू पडत नाही हे दिसलं. म्हणजे कित्येक वर्षं एका ठरावीक तरुण लष्करी चेहऱ्याला आपण 'चेहरा' म्हणत होतो.

म्हणून मला दिव्यांचे मास्क नकोत आणि टोपही नकोत (टोपाची बॅटरी सुट्टीवर असते, अनुभव आहे). मला एकाच मास्कचे तीन खरे आकार हवेत. लहान, मध्यम, मोठा, आणि तिन्ही कपाटात असलेले.

पण फटफजिती, 'गाळणीचा प्रश्न सुटलाय' हे वाक्य मागे घ्या. तो का सुटला ते पाहा. १९७२ मध्ये मान्य झालेल्या पहिल्या एकवार वापराच्या मास्कचा वाटीसारखा आकार कुठून आला? सारा लिटल टर्नबुल या रचनाकार बाई साच्यात घडवलेल्या ब्राच्या कपावर काम करत होत्या, तिथून. हे तुमच्या बाजूचं. पण त्या वाटीतून आज जो सहज श्वास घेता येतो तो स्थिर विद्युतभारामुळे. वितळवून फुंकलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंना कायमचा भार द्यायचं पीटर त्साई यांचं तंत्र १९९० च्या दशकातलं. भार असला की कण तंतूंकडे ओढले जातात, जाळी विरळ ठेवता येते, श्वासाला जोर कमी लागतो. आणि तुम्हीच म्हणालात की जोर कमी तर गळती कमी! गाळणी सुधारली म्हणून कड सुधारली. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

अवांतर: मास्क धुवायला कोणी अल्कोहोल वापरू नका. भार उतरतो, वरून मास्क नवाकोरा दिसतो, आतून चाळण.

फटफजिती

वाक्य मागे. 'गाळणीचा प्रश्न सुटलाय' ऐवजी 'गाळणी आणखी दाट करून फायदा नाही' असं वाचावं. विरळ करून फायदा आहे, हे पटलं. घड्या पाडून किंवा चोचीसारखा आकार देऊन क्षेत्रफळ वाढवलं तरी तेच साधतं: क्षेत्रफळ दुप्पट, तर हवेचा वेग निम्मा आणि श्वासाचा अडथळाही निम्मा. मंद पंख्याची पेटीही शेवटी तीच युक्ती आहे.

रबरी अर्धमास्काच्या बाजूने मात्र मी बोलणारच. धुवून पुसून वर्षानुवर्षं चालतो, गाळण्या तेवढ्या बदलायच्या, कड मऊ.

ओठवाचक

सगळे श्वासाबद्दल बोलताय. मला ऐकू कमी येतं, मी ओठ वाचतो. रबरी मास्कातला माणूस माझ्यासाठी भिंत आहे.

पारदर्शक खिडकीचे मास्क वापरून पाहिले. खिडकीवर वाफ धरते हे सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ते हे, की खिडकीतून श्वास जात नाही, म्हणून उरलेल्या कापडातून सगळी हवा जावी लागते आणि अडथळा वाढतो. फटफजितींच्याच हिशेबाने मग गळतीही वाढणार. मला ओठ दिसावेत म्हणून समोरच्याने जास्त गळका मास्क घालावा, असा हा सौदा. त्यापेक्षा मंद पंख्याची पेटी मला जास्त सोयीची वाटते.

झडपवाले, तुमच्या सैल टोपाला समोर काच असते ना? त्यात तोंड पूर्ण दिसतं. पण पंख्याचा आवाज कानाशी असतो, तेव्हा आत असलेल्याला माझं बोलणं ऐकू येतं का?

झडपवाला

आवाज असतो, खोटं कशाला बोलू. समोरच्याचं बोलणं तोंडाकडे बघूनच समजून घेतो, म्हणजे तुमचीच विद्या. २०२० मध्ये नायॉशने पंखेवाल्यांचा पीएपीआर१०० नावाचा नवा वर्ग काढला, हलकी आणि रुग्णालयात वापरता येतील अशी यंत्रं बसावीत म्हणून. तशा हलक्या यंत्रांत आवाज किती कमी झालाय ते कोणी वापरलं असेल तर सांगा, मी जुनंच धूड वापरतोय.

फटफजिती, रबरी मास्कची एवढी तरफदारी करताय, तर झडपेचं बोला. उच्छ्वासाची झडप बाहेर जाणारी हवा गाळत नाही. मी धूळ टाळायला घालतो, मला चालतं. पण रुग्णाच्या शेजारी?

फटफजिती

२०२० मध्येच झडप नसलेल्या रबरी अर्धमास्कला अमेरिकेत पहिल्यांदा मान्यता मिळाली, उच्छ्वासही गाळणीतूनच जातो. शिवाय झडपेच्या एन९५ वर नायॉशने त्याच वर्षी चाचण्या केल्या, तर झडप उघडी असूनही बाहेर जाणारे कण साधारण शस्त्रक्रियेच्या मास्कइतके अडतात असं दिसलं. वाटतं तेवढी ती वाईट नाही. पण झडप काढली की आतला ओलावा वाढतो, आणि मग तुमचा पाचवा तास येतो.

झडपवाला

येतोच. चौथ्यालाच.

चष्म्यावर धुकं

कोणी नाकपट्टीबद्दल बोललंच नाही. माझ्याकडे नापास होणाऱ्यांत गळती बहुधा नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागेत सापडते. तार चिमटीत दाबतात, तिला मधोमध टोक येतं आणि तिथेच बोगदा तयार होतो. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला सरकत दाबायची. उद्या दोन जणांची पुन्हा टेस्ट आहे, एकीला आतून फोमची पट्टी असलेला मास्क देऊन बघणार आहे. सांगते काय होतं ते.