मदत हवी आहे: काळ्या मातीत अर्थ एअर टनेल (जमिनीखालच्या पाइपातून हवा गार करून आत सोडणं) चालेल का?

नमस्कार मंडळी, बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे, थीसिससाठी नागपूरला विद्यापीठाची लायब्ररी घेतलीये. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तरी सगळी बिल्डिंग एसीवर चालवायची हे मनाला पटतच नाही. आयआयटी कानपूरच्या पर्यावरण केंद्राची इमारत आहे ना, ग्रिहाचं (पर्यावरणपूरक इमारतींना रेटिंग देणारी भारतीय पद्धत) 5 स्टार रेटिंगवाली, तिथे जमिनीखालच्या पाइपातून हवा फिरवून गार करतात, कारण 3-4 मीटर खाली तापमान वर्षभर फारसं हलत नाही. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग पाइपचे जॉइंट टिकतील का? भोवती मुरूम भरला तर? आणि आत पाणी साठून कुबट वास येतो का? कोणी साइटवर केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे.