'कंटेंट'ला काय म्हणायचं: मजकूर, आशय की सामग्री?

शहापूरकर: मंडळी, एक अडचण आहे. आमच्या भावकीतल्या एका काकांचं बेळगावच्या कुंद्याचं, म्हणजे दुधाच्या मिठाईचं, दुकान आहे. त्यांचं संकेतस्थळ मराठी, कन्नड, इंग्रजी असं तिन्ही भाषांत करायला घेतलंय. कुठल्या पानावर काय जाणार याचा तक्ता केला, त्यात 'कंटेंट' असा एक रकाना होता. भाषांतराच्या यंत्राने त्याचं 'सामग्री' केलं. काकांनी त्या रकान्यात लिहून पाठवलं: दूध, दही, साखर. त्यांची काही चूक नाही. पण मग शब्द कोणता घ्यायचा?

खानापूरकर: मजकूर म्हणा की. त्यात काय एवढं?

टिळकवाडीकर: तेवढ्यावर भागत नाही ओ. मजकूर हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. 'जिक्र' ज्या धातूचा, त्याच धातूचा हा. मूळ अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला आहे तो'. जुन्या मोडी कागदांत 'मौजे मजकूर' असतं, म्हणजे 'सदर गाव'. आपल्याकडच्या कन्नड सरकारी कागदांत अजून 'सदरी' येतं, तेही त्याच दफ्तरी भाषेचं. पुढे उल्लेखाचा अर्थ पसरत पसरत 'जे लिहिलंय ते सगळं' असा झाला. म्हणून मजकुरात फोटो बसत नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर आपण देतो, गणपतीचं चित्र छापखानेवाला घालतो.

आशय वेगळा. 'पत्राचा आशय असा की…' म्हणताना पत्रातले शब्द सांगायचे नसतात, पत्रातली गोष्ट सांगायची असते. तुमच्या कामाला हा फरक फार उपयोगाचा आहे: आशय एक, मजकूर तीन. आधी प्रत्येक पानाचा आशय ठरवा, मग तिन्ही भाषांत मजकूर वेगवेगळा लिहून घ्या, एकाचं दुसऱ्यात भाषांतर करत बसू नका. मराठी पानावर 'बेळगावचा कुंदा' असंच हवं. कन्नडमध्ये 'बेळगावी कुंदा'. इंग्रजीत मात्र दोन्ही नावं घाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, तरी जुन्या 'बेलगाम' स्पेलिंगने शोधणारे आहेतच.

निपाणीकरीण: 'आशय' शब्द तक्त्यात घालताना जरा जपून हं. कन्नडमध्ये 'आशय' म्हणजे इच्छा, हेतू. कार्यक्रमात 'आशय नुडी' असते ना, ते बीजभाषण. तुमचा कन्नड लिहिणारा त्या रकान्यात 'ग्राहकांची सेवा करणे' असलं काहीतरी लिहून ठेवेल, मग बसा! त्यांच्याकडे या अर्थाने 'विषय' चालतो.

खानापूरकर: हे मान्य. आणि 'प्रेझेंटेशन'चं काय? सादरीकरण म्हटलं की मला प्रोजेक्टर आणि अंधारी खोलीच दिसते.

निपाणीकरीण: मांडणी! आजीच्या सैपाकघरातली मांडणी आठवा. पितळेचे डबे एका ओळीत, तांबे खाली, रोजचं भांडं हाताला येईल असं. कपाटाला दार असतं, मांडणीला नसतं. समोर उभं राहिलं की सगळं दिसतं. पानही असंच पाहिजे. भाव, पत्ता, दुकान कधी उघडं, हे तीन डबे पहिल्या ओळीत. दुकानाचा इतिहास वरच्या फळीवर, ज्याला हवा तो काढून घेईल. कन्नडवाल्यांनाही हा शब्द परका नाही, ते बजेटची 'मंडने' करतात आणि आपण अर्थसंकल्प 'मांडतो'. 'सजावट' म्हणू नका तेवढं, नाहीतर काका झेंडूच्या माळा सोडतील पानभर.

टिळकवाडीकर: झकास. सादरीकरण मी मागे घेतो, म्हटलं नव्हतं तरी.

खानापूरकर: पण फोटो, व्हिडिओ, लिखाण या सगळ्याला मिळून एक शब्द राहिलाच की.

टिळकवाडीकर: राहू दे. तिथे 'कंटेंट' म्हणा बिनधास्त. टेबल, बस, तिकीट पचवलेत आपण. मजकूर जिथे चालतो तिथे मात्र त्याला हाकलू नका.

शहापूरकर: तक्ता बदलला. आता रकाने असे: 'काय सांगायचं', 'मजकूर', 'फोटो'. आशय शब्दच टाळला, म्हणजे भांडण नको. काकांचं 'दूध, दही, साखर' मात्र पुसलं नाही. 'आणखी काही नाही' एवढं पुढे जोडून पहिल्या पानाच्या मजकुरात घेतलंय.