पडलेल्या माळवदाचा दगड नव्या घराला चालेल का?

उमरगेकर:
अतिवृष्टीत माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर पडलं. गाव उमरगा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ढिगाऱ्यात काळा दगड, पांढरी माती, सागवानी तुळया आणि मागच्या स्वयंपाकघराच्या विटा नि स्लॅब. गवंडी म्हणतो, सगळं जोत्यात ढकला, वर नव्या विटा घ्या. काय ठेवावं?

ओळंबा:
आधी पंचनामा आणि फोटो. तोवर ढिगाऱ्याला हात लावू नका.

जोत्यात ढकलणं सगळ्यात वाईट. दगड-माती-विटांच्या भरीत पोकळ्या राहतात, एक-दोन पावसाळ्यांत भर बसते आणि फरशी खचते. जोत्यात मुरूमच हवा, १५ सेंमीच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मसनं ठोकून. पांढरी माती खिळे-काचा चाळून शेतात टाका.

दगड मात्र ठेवा. ९० सेंमी जाड, ३ मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीला २.७ घनमीटर माल निघतो. त्यातली निम्मी माती धरली तरी नव्या ४५ सेंमी भिंतीला लागणारा १.३५ घनमीटर दगड भागतो.

शंकासूर:
१९९३च्या किल्लारी भूकंपात हेच दगड माणसांवर पडले ना? परत दगडच कशाला?

ओळंबा:
त्या भिंतींना बाहेरचं आणि आतलं अशी दोन तोंडं होती, मध्ये माती नि चुरी. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात तोंडं फाकतात आणि मातीचं जड छत खाली येतं. दगडाचा त्यात काय दोष?

म्हणून जाडी ४५ सेंमीच्या वर नको. दगड जोडायचा माल १:६ सिमेंट-वाळूचा. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस १३८२८, त्याप्रमाणे उंचीत दर ६० सेंमीला आणि आडवा १.२ मीटरच्या आत आरपार दगड. एवढा लांब दगड नसेल तर ८ ते १० मिमी सळई इंग्रजी एसच्या आकारात वाकवून घाला, दोन्ही तोंडांपासून २५ मिमी आत. जोत्याला आणि दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलला सलग आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा.

गोटे फोडूनच लावा. आणि तारेच्या ब्रशनं घासून धुवा, मातीचा पापुद्रा राहिला तर सिमेंट धरत नाही. हे काम गवंडी टाळतो, उभं राहून करून घ्या.

खडीवाला:
स्लॅबबद्दल: काँक्रीट फोडून केलेली खडी, खडी-वाळूचं मानक आयएस ३८३ (२०१६) नुसार, आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, तेही एम२५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची श्रेणी). साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. एम१५ खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. विटा मिसळलेली खडी आरसीसीत अजिबात नको. जुना माल चिकटलेला असल्यानं ही खडी पाणी पिते आणि काँक्रीट लवकर आळतं, म्हणून आदल्या दिवशी भिजवा.

अख्खी वीट २४ तास पाण्यात ठेवा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर भिंतीत नको. तुकडे गच्चीच्या कोब्याला. वाकलेल्या सळया सरळ करून कॉलममध्ये घालायच्या नाहीत, वाकल्या जागी तडकतात. थेट भंगारात.

उमरगेकर:
आणि तुळया?

ओळंबा:
भिंतीत गाडलेली टोकं बघा. दाभण सहज बोटभर आत गेलं तर तेवढा भाग कापा. लांबी कमी पडली तरी दाराच्या चौकटी निघतात.