‘चरबीची गुठळी’ म्हणजे नेमकं काय? (शब्दचर्चा)

गोदाकाठची: आत्या मोरीत घसरली, मणका दबला. वय ७४, हाडं आधीच ठिसूळ. इथे नाशकातच मणक्यात सिमेंट भरायचं ठरलंय. संमतीपत्र मराठीत मिळालं, बरं वाटलं. पण धोक्यांमध्ये एक ओळ होती, ‘रक्ताची अथवा चरबीची गुठळी फुप्फुसात जाणे’. आत्याने दंडावरची चरबीची गाठ दाबून दाखवली. म्हणाली, “ही का? ही वीस वर्षं इथंच बसलीय, कुठं जाते!”

हसलो सगळे, पण तिचं काय चुकलं? मूळ इंग्रजी शब्द फॅट एम्बोलिझम, म्हणजे चरबी रक्तातून वाहत जाऊन रक्तवाहिनीत अडकणं. त्याला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर: परिभाषेतला शब्द ‘अंतर्कीलन’. कील म्हणजे खिळा, पाचर. एम्बोलिझमच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही पाचर, बूच असाच. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने १८४८ च्या सुमारास तो या अर्थाने रूढ केला. शब्द चोख आहे, फक्त आत्यांना सांगून बघा!

सीआर्मवाला: ऑपरेशन थिएटरात काम करतो म्हणून लिहितो. मणका आतून स्पंजासारखा असतो, त्या पोकळ्यांत मज्जा (हाडातला मगज, मज्जारज्जू नव्हे) आणि मज्जेत चरबी. सुईतून सिमेंट दाबून भरलं की मज्जेला जागा सोडावी लागते. मग चरबीचे थेंब मणक्याच्या शिरांत शिरतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात पोचतात. बहुतेकांना कळतही नाही. क्वचित बीपी पडतं, ऑक्सिजन उतरतो. एका बैठकीत जास्त मणके भरले तर धोका वाढतो.

सिमेंट पातळ असलं तर तेही शिरेत घुसतं. म्हणून टूथपेस्टइतकं घट्ट होऊ देतात आणि सी-आर्मवर (थिएटरातल्या एक्स-रे यंत्रावर) बघत बघत भरतात. (सिमेंट म्हणजे स्लॅबचं नव्हे हो. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची असते त्याच जातीचं.)

म्हणजे अडकणाऱ्या वस्तू तीन: चरबीचे थेंब, सिमेंटचा तुकडा आणि रक्ताची गुठळी. ‘गुठळी’ फक्त तिसरीला शोभते. रक्त पातळ करायच्या औषधाने चरबी विरघळत नाही, पण सगळ्याला गुठळीच म्हटलं की नातेवाईक नेमकी तीच गोळी मागतात. घोळ असा की रक्तात उतरलेली मज्जा रक्त गोठायलाही चालना देते, त्यामुळे एकातून दुसरं उद्भवू शकतं.

पिठलंप्रेमी: गुठळी पिठल्यात होते, तूप थिजतं, खोबरेल थंडीत गोठतं, मुका मार लागला की रक्त साकळतं. शरीराच्या उबेत चरबी पातळच राहणार, ती ना थिजते ना साकळते. म्हणून सरळ लिहा, ‘चरबीचे थेंब रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकणे’. लांब आहे, असू दे. संमतीपत्र म्हणजे काही शब्दकोडं नाही.

गोदाकाठची: हे आत्याला वाचून दाखवलं. म्हणाली, “खरकट्याचं तुपकट जाऊन मोरीची जाळी तुंबते, तसंच ना?”

पंचवटीकर: ‘तुंबणे’ झकास! पण थेंब मणक्यातून निघून तिथवर पोचला, तो प्रवास त्यात येत नाही.

पिठलंप्रेमी: ‘अंतर्कीलन’मध्ये तरी कुठे येतो?