देवाचा वेळ की देवाची वेळ?

प्रश्न :
आमच्या चर्चच्या तरुण संघाची पुढच्या महिन्यात कोल्हापुरात संगती, म्हणजे मेळावा, आहे. विषय सगळे इंग्रजीतच बोलतात, ‘गॉड्स टायमिंग’. पत्रकावर मात्र मराठी हवं. एकजण म्हणतो ‘देवाचा वेळ’, दुसरी म्हणते ‘देवाची वेळ’, पाळकसाहेबांनी ‘देवाचा समय’ सुचवलंय. बरोबर काय? आणखी एक विचारायचंय. मागे एका घरी तरणा मुलगा गेला. भेटायला आलेल्या एका बाई त्याच्या आईला म्हणाल्या, ‘देवाची वेळ आली होती, विश्वास ठेवा.’ मला ते फार लागलं. खटकलं ती भाषा, की माझाच विश्वास कमी पडला?

उत्तर :
ताई, ‘वेळ’ मराठीत दोन्ही लिंगांत चालतो आणि लिंगाबरोबर अर्थही बदलतो. ‘एसटीला फार वेळ लागला’, ‘माझा सगळा वेळ गेला’ यातला वेळ सरणारा, मोजता येणारा; तो पुल्लिंगी. ‘उपासनेची वेळ झाली’, ‘निघायची वेळ आली’ इथं नेमकी घडी आहे, ती स्त्रीलिंगी. म्हणजे ‘देवाचा वेळ’ म्हटलं की देवाला लागणारा वेळ, आणि ‘देवाची वेळ’ म्हटलं की देवाने ठरवलेली घडी. तुमच्या विषयाला दुसरं बसतं. ‘समय’ चुकीचा नाही, पण तो बायबल वाचणाऱ्याच्या कानाला ओळखीचा. कॉलेजची पोरं घरी तो बोलत नाहीत.

संगतीत कुणीतरी ग्रीक शब्द काढेलच : क्रोनॉस म्हणजे घड्याळाचा काळ, कैरॉस म्हणजे देवाची नेमकी वेळ. प्रवचनात हे छान वाटतं, पण नव्या करारात, म्हणजे बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या उत्तरभागात, वाटणी इतकी काटेकोर नाही. ‘काळाची पूर्णता झाली’ हे शब्द आपण मार्क 1:15 मध्ये वाचतो आणि गलतीकरांस 4:4 मध्येही. ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी कैरॉस आहे, दुसऱ्या ठिकाणी क्रोनॉस. प्रेषितांची कृत्ये 1:7 मध्ये दोन्ही शेजारी येतात, ‘काळ व समय’. आणि तिथं येशू शिष्यांना सांगतो की हे जाणणं तुमच्याकडे नाही, ते पित्याच्या अधिकारात आहे. तरुणांशी बोलायला मी हेच वचन घेईन. देवाची वेळ कोणती हे आपल्याला कळतं असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही.

आता त्या बाईंचं वाक्य. मराठीत नुसतं ‘त्याची वेळ आली’ म्हटलं तरी मरण असाच अर्थ निघतो. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण घराघरात आहे. त्यामुळे ‘देवाची वेळ आली होती’ हे त्या माउलीच्या कानाला ‘तुझा मुलगा देवाने नेला’ असंच ऐकू गेलं असणार. बाईंच्या मनात काही वाईट नसेल, पण शब्द पोचला तो असा.

योहानाच्या शुभवर्तमानातही ‘वेळ’ शब्दावर मरणाची सावली आहे, हे खरं. काना गावच्या लग्नात येशू आईला म्हणतो, माझी वेळ अजून आली नाही. सतराव्या अध्यायात तोच प्रार्थनेत म्हणतो, हे बापा, वेळ आली आहे. आणि त्याच रात्री त्याला धरतात. पण बघा, ही वेळ तो स्वतःची म्हणून सांगतो. दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायला तो शब्द त्याने वापरलेला नाही. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप आल्यावर तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था थेट म्हणाली, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. यावर त्याने ‘माझ्या वेळेवर विश्वास ठेव’ असं सुनावलं नाही. तो तिच्याशी बोलला, मरीयेला रडताना पाहून स्वतः रडला, आणि मग कबरेकडे गेला.

योसेफाचंही तसंच. भावांनी विकल्यामुळे सतराव्या वर्षी तो घरातून तुटला, फारोपुढे म्हणजे मिसरच्या राजापुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता. तुरुंगातून सुटणाऱ्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, त्याने स्वतःहून विनवलं, फारोजवळ माझी गोष्ट काढ. तो विसरला आणि योसेफाची आणखी दोन वर्षं आत गेली. देवावर भरवसा होता, तरी त्याने सुटकेची खटपट सोडली नाही. आणि ‘हे देवाने घडवलं’ हे शब्द पुढं भावांना सांगितले ते योसेफाने. भावांनी त्याला नाही. ज्याने सोसलं त्याने, मागं वळून बघताना. मला वाटतं, ‘देवाची वेळ’ या शब्दाची मराठीतही हीच जागा असावी. साक्ष देताना म्हणा, मनापासून म्हणा. शोकाच्या घरी तो आपण उच्चारू नये. तुम्हाला लागलं ते योग्यच होतं. विश्वास कमी असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणखी एक वाचक :
‘वाट बघणे’ या शब्दाबद्दल थोडं. यशया 40:31 मध्ये आपण ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’ वाचतो, स्तोत्र 27:14 मध्ये ‘प्रतीक्षा कर’. मूळ हिब्रू क्रियापद दोन्हीकडे एकच आहे. आमच्याकडं करवीर भागात गुऱ्हाळावर काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायची वेळ गुळव्याच, म्हणजे गूळ करणारा कारागीरच, ठरवतो. पाकाचे थेंब गार पाण्यात टाकून गोळी धरते का, हे तो बोटांनी बघतो. तोवर बाकीचे हात बांधून बसत नाहीत. कुणी मळी काढतो, कुणी चुलाणात चिपाड सारतो. वाट बघणं म्हणजे काय, हे मला तिथं समजलं. ‘थांबणे’ हा शब्द त्याला पुरत नाही.

प्रश्नकर्ती :
आभार, काका. मग पत्रकावर ‘देव नेहमी वेळेवर येतो’ असं मोठ्या अक्षरात घालू का? मुलांना ते आवडलंय.

उत्तर :
नको. ‘वेळेवर’ म्हणजे आपण नेमलेल्या वेळेला, शाळेची घंटा होते तसं. त्या अर्थाने मार्थेच्या घरी तो वेळेवर आला नव्हता, आणि तुमच्यासमोर बसलेल्या पोरांपैकी एखादीच्या घरीही आला नसेल. ‘देवाच्या वेळेची वाट पाहताना’ एवढंच घाला. खाली योहान 11 चा संदर्भ द्या, आणि पहिल्या सत्रात तो अध्याय मोठ्याने पूर्ण वाचा. मार्थेचं बोलणं गाळू नका.